हावेची कोठी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. 'आता आहे' असंही म्हणवत नाही... पण आधी जसं छातीठोकपणे 'नाही' म्हणायचो, तसं आता म्हणता येत नाही, एवढंच.

माझ्या धंद्यात असल्या गोष्टींवर विश्वास ठेवून भागत नाही. मेहकरला माझी टूरची गाडी आहे, सतरा सीटची ट्रॅव्हलर. चालवतो मीच, आणि लॉज, जेवण, दर्शनाची रांग हे सगळं बघतोही मीच. प्रत्येक ट्रिपला एक तरी बाई असते जिला घाटाच्या वळणावर पांढरी साडी दिसते, आणि एक तरी काका असतात ज्यांना ती मागच्याच वर्षी दिसलेली असते. मी आरशातून बघून हसायचो. लोणारच्या विवरात लोक दिवस कलला की उतरायला घाबरतात. मी तिथे पाव्हणे घेऊन कितीदा तरी उतरलोय. मला आजवर माकडांशिवाय कोणी भेटलं नाही, आणि त्यांनाही माझ्यापेक्षा माझ्या पिशवीतल्या केळ्यांत रस होता.

आणि हो, जे सांगतोय ते रात्री घडलेलं नाही. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, गाडीभर माणसांच्या देखत घडलंय. त्यामुळे 'अंधारात भास झाला असेल' हे कृपया कोणी लिहू नका.

पुढे जाण्याआधी पुण्या-मुंबईच्या वाचकांना एक शब्द समजावून सांगावा लागेल, कारण सगळं घोडं तिथंच अडलंय. तुमच्याकडे 'हाव' म्हणजे लोभ. आमच्या वऱ्हाडात 'हाव' म्हणजे 'हो'. साधं, रोजचं 'हो'. जेवतं का? हाव. येतं का? हाव. घरातून आईने हाक मारली तर अंगणातून ओ द्यायची तीही हावच. पुण्यात एका लॉजवाल्याने मला विचारलं होतं, "रूम हवीय का?" मी म्हटलं, "हाव." तो म्हणाला, "हाव नको, आधार कार्ड द्या." त्याच्या काउंटरवरची सगळी पोरं फिदीफिदी हसली. तेव्हापासून मी पुण्याकडे गेलो की 'हो' म्हणतो. असो.

माझी मावशी — गिरजा मावशी, आईची धाकटी बहीण — हिवरा आश्रमच्या जवळच्या एका गावात राहते. नवरा लवकर गेला. ब्लाउज शिवून तिने एक लेक मोठी केली. सुनी. नाव सुनीता, पण सुनीताचं 'ता' कोणी कधी उच्चारलं नाही. ही सुनी म्हणजे बडबडीची मशीन होती. शिलाई मशीन थांबलं तरी सुनी थांबायची नाही. लहानपणी माझ्या गाडीत बसली की मी म्हणायचो, "सुने, पुढच्या गावापर्यंत गप्प बसलीस तर पेढा देतो." तिने तो पेढा कधी कमावला नाही.

सुनीचं लग्न जमवलं खामगावकडच्या एका ओळखीच्या बाईने. ओळखीची म्हणजे काय, बचत गटाच्या कुठल्याशा मेळाव्यात भेटलेली. गोड बोलायची. मुलगा परराज्यातला, तिकडे मुलींचा तुटवडा, हुंडा नको, लग्नाचा खर्चही त्यांचाच... "गिरजाबाई, पोरगी राज्य करीन राज्य!" आम्हा सगळ्यांना वाटलं, देवच पावला. फुकट मिळतंय म्हटल्यावर शहाण्या माणसाचीही अक्कल गहाण पडते. मुलगा आला तोही खाली मान घालून बसला. त्या बाईने सुनीला विचारलं, "पसंत हाय का वं?" सुनीने मावशीकडे बघितलं. मावशीने डोळ्यांनीच खुणावलं. सुनी म्हणाली, "हाव."

खामगावातच एका हॉलमध्ये लग्न लागलं, तिथून जलंब स्टेशनला नेऊन त्यांनी तिला रेल्वेत बसवली. मावशी खिडकीला धरून चालत होती, "पोचली का फोन कर." आतून सुनी म्हणाली, "हाव."

त्यानंतर तिचा फोन यायचा तो सासरच्या कोणाच्या तरी मोबाईलवरून. मावशी स्पीकर लावायची, म्हणून मीही एकदोनदा ऐकलाय. बरी हायेस का? हाव. जेवनखान भेटते का? हाव. सासू चांगली हाय का? हाव. बस्स. जी पोरगी 'भाजी काय केली' या एका प्रश्नावर पार वावरापर्यंत जाऊन यायची, ती एवढंच बोलायची. मागे कोणीतरी उभं असल्याशिवाय सुनी असं बोलूच शकत नाही, हे मावशीला कळायचं. शेवटच्या फोनवर मावशीने न राहवून विचारलं, "सुने, येऊ का तुले घ्याले?" पलीकडे काहीच नाही. मग कोणीतरी पुरुष खाकरला आणि फोन बंद झाला. तो बंदच. नंबर स्विच ऑफ, ती खामगावची बाई गायब, तिचं घरही भाड्याचं निघालं.

तक्रार द्यायला मी मावशीला घेऊन गेलो. कुठे ते सोडा. टेबलामागच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लग्न राजीखुशीनं झालं ना? मुलगी स्वतः हो म्हणाली होती ना?"

मावशी म्हणाली, "हाव."

"मग?" तो म्हणाला.

त्या दिवसापासून मावशीने घराबाहेर पडणं सोडलं. मशीनवर कापड टाकलं ते टाकलंच. तिचं एकच म्हणणं असायचं — "जित्ती असंन का नसंन, एवढं तरी कोनी सांगा मले." दुसरं तिला काही नको होतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर, सोयाबीन घरात आल्यावर, मी कोकणची ट्रिप काढली. बहुतेक बायकाच होत्या, मेहकरच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या. माझी आई म्हणाली, "गिरजाले घेऊन जाय गजू. समुद्र पाह्यला का मन हलकं होते म्हन्ते." आईने स्वतः समुद्र कधी पाहिलेला नाही, पण असो. मावशी नको नको म्हणत होती, तिला आम्ही जवळजवळ उचलूनच गाडीत बसवली.

समुद्र बघून मावशी एवढंच बोलली, "केवढं पानी हाय बाप्पा... अन् पेता येत नाई."

दुसऱ्या दिवशी तो किल्ला. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, एका खाडीच्या तोंडाशी आहे. नाव देत नाही, कारण तिथल्या चार माणसांचं पोट त्यावर आहे, आणि नाव दिलं तर उद्या रीलवाले कॅमेरे घेऊन तिथे 'भूत पकडायला' पोहोचतील. ज्यांना ओळखायचाय ते ओळखतील. पोर्तुगीजांच्या वेळचा, तटाला लागून कोळ्यांची घरं, आत नारळाची झाडं आणि ढासळलेल्या भिंती. आत शिरल्यावर एक गाइड मागे लागला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टोपी, बोलणं नाटकातलं.

"इथे माणसांचा बाजार भरायचा," तो म्हणाला. "आफ्रिकेतून जहाजात कोंबून हबशी आणायचे आणि इथे विकायचे. आणि रिकामी जहाजं परत कशी जाणार? मग इथली माणसं भरायची. घाटावर दुष्काळ पडला की आईबाप स्वतः पोरं आणून द्यायचे. घरी उपाशी मरण्यापेक्षा तिकडे चार घास तरी खाईल, म्हणून."

सगळ्या बायका चुकचुकल्या. मावशीने विचारलं, "मंग थे पोरं वापस येत का कधी?"

"कुठली येतायत मावशी," गाइड हसला. "विकलेला माल परत येतो का?"

मला तो माणूस तिथल्या तिथे आवडेनासा झाला. तरी त्याच्या मागोमाग आम्ही गेलो. तटाच्या पोटात एक कोठी होती. वाकून आत जायचं. आत गेल्यावर मात्र लांबलचक, छत कमानीचं, आणि समुद्राच्या बाजूला वर एक झरोका, हात जाईल एवढाच. भर दुपारी आत गार होतं, ओलसर वास येत होता.

"ही हावेची कोठी," गाइडने आवाज लावला. "जहाजावर चढवायच्या आधी माल इथे भरायचे. माल म्हणजे माणसंच. त्या धंद्यात एक व्यापारी अफाट श्रीमंत झाला. पण त्याची हाव काही संपेना. शेवटी तो याच कोठीत अडकून मेला असं म्हणतात. जुनी माणसं सांगायची, आतून अजून आवाज येतो — हाव... हाव... हाव...! म्हणजे तो सगळ्यांना सांगतोय, हाव करू नका! म्हणून इथे आलं की जोरात एक नाव घ्यायचं. आवाज घुमून परत आला की समजायचं, आपल्या मनातली हाव गेली."

मग आमच्या शेवंताकाकू — या गाडीत असल्या की मला टेप लावावा लागत नाही — म्हणाल्या, "मंग थो मेलेला मानूस हाव हाव काऊन करे बाप्पा? त्याले कोनी 'जेवतं का' म्हनून इचारलं होतं का?"

कोठी हसण्याने दणाणली. गाइडला काहीच कळेना, तो बिचारा टोपी सारखी करत उभा. आम्ही सगळे वऱ्हाडी पोट धरून हसतोय. मीसुद्धा. एकटी मावशी हसली नाही.

मग बायकांनी नावं घ्यायला सुरुवात केली. कोणी नातवाचं, कोणी नवऱ्याचं. वऱ्हाडातल्या बाईला चारचौघांत नवऱ्याचं नाव जोरात घ्यायची संधी कधी मिळते? हसून हसून पुरेवाट झाली. प्रत्येक नाव घुमून परत येत होतं — 'किसना'ला 'सना... ना...' असं. सरळ प्रतिध्वनी. शाळेत शिकलोय आपण सगळे.

तेवढ्यात मावशी पुढे झाली. आमच्याकडे शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारतात ना, शेवटचा स्वर लांबवून, तशी तिने हाक दिली, "ओ सुनेऽऽऽ..."

प्रतिध्वनी आला नाही.

आधी मला वाटलं, कान बसले. तिची हाक कोठीने गिळल्यासारखी झाली. आणि मग आतल्या अंगाने, झरोक्याखालच्या काळोखातून, अगदी साध्या आवाजात आलं —

"हाव."

घुमलेलं नाही. ओरडलेलं नाही. बाई स्वयंपाकघरात असते आणि बाहेरून हाक आली की हातातलं काम न टाकता ओ देते, तसं. बायकांचं हसणं बंद पडलं. सगळ्यांनी एकदम त्याच कोपऱ्याकडे बघितलं, हे मी स्वतः पाहिलंय.

मावशी मात्र जराही दचकली नाही. फोनवर बोलायची तशीच बोलली, "बरी हायेस का वं?"

"हाव."

"जेवली का?"

"हाव."

मला तिला ओढून बाहेर काढायचं होतं. कारण मला माहीत होतं ती पुढे काय विचारणार आहे. आणि तिने विचारलंच.

"सुने... येऊ का तुले घ्याले?"

खाली लाटा आपटत होत्या, तेवढाच आवाज. फोनवर जशी शांतता झाली होती तशीच झाली. मला वाटलं, आता कोणीतरी खाकरणार.

"हाव," आतून आलं. या वेळी रडवेलं.

मावशी खाली बसली. शेवंताकाकूंनी आणि मी तिला धरून बाहेर आणलं, पायरीवर बसवलं, पाणी पाजलं. ती रडत नव्हती, उलट तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी आलं होतं. "जित्ती हाय माही पोरगी," ती म्हणाली. "हाव म्हने. घ्याले ये म्हने. तुमी सारेच होते ना? आयकलं ना?" बायका एकमेकींकडे बघत होत्या.

माझं डोकं फिरलं. मला खात्री होती की ही त्या गाइडची लबाडी आहे. एखादा स्पीकर लपवला असेल, माणूस बसवला असेल, रडणाऱ्या बाईला बघून त्याने खेळ केला असेल. मी त्याची कॉलर धरली. "कुठं ठेवलाय स्पीकर? सांग!" तर त्याचाच चेहरा पांढराफटक. टोपी हातात.

"आईशपथ दादा," तो म्हणाला, "इतकी वर्षं ही गोष्ट सांगून पोट भरतोय, पण आवाज कधी ऐकला नव्हता. आमच्या आज्याने ऐकलेला म्हणायचे." मग हळूच विचारलं, "तुमच्याकडे... हाव म्हणजे काय म्हणालात? मघाशी हसत होतात ते?"

"हो," मी म्हटलं. "हाव म्हणजे हो."

"म्हणजे ते... कशाला हो म्हणतायत?"

"हो म्हणत नाहीत," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच मला ते कळलं. "हाकेला ओ देतायत."

किती पिढ्या गेल्या असतील. आत कोणाचं तरी लेकरू हाकेला ओ देतंय, आणि बाहेरच्या शहाण्यांनी त्याच्यातून लोभाचा धडा काढला. ज्यांना विकलं, त्यांच्याच तोंडी विकणाऱ्याची गोष्ट घातली. मला इतका संताप आला की भीती मागेच राहिली. मोबाईलचा टॉर्च लावून मी एकटाच परत आत शिरलो.

कोपरा न् कोपरा बघितला. दगड, चिखल, वटवाघळांची घाण, चिप्सची पाकिटं. माणूस लपेल अशी जागाच नाही. टाचा उंचावून झरोक्यातून बघितलं तर खाली सरळ समुद्र. मी माझ्या टूरवाल्या मराठीत विचारलं, "कोणी आहे का आत?"

'आत... आत...' प्रतिध्वनी आला. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, संपलं. सगळ्यांना एकदम झालेला भास.

पण जाता जाता काय वाटलं कोणास ठाऊक. एक खात्री करून घ्यावी म्हटलं. सुनीचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. आमच्या सात पिढ्यांत नसेल असं एक नाव घेतलं, उगीच तोंडात आलं ते. आणि हाक मात्र मावशीसारखी दिली, बांधावरून देतात तशी —

"ओ चंद्रेऽऽऽ..."

"हाव," आतून आलं. लहान मुलीचा आवाज.

आणि मग दुसऱ्या कोपऱ्यातून, "हाव." म्हाताऱ्या माणसाचा. पायाजवळून, "हाव." मागून, "हाव." कोणी घाईने, कोणी झोपेतून उठल्यासारखं, कोणी पोरकट, कोणी घोगरं... जागा भरत गेली. प्रत्येकाला वाटत होतं, मी त्यालाच बोलावलंय. नाव कोणाचं का असेना. आपल्या बोलीत कोणीतरी हाक मारली, एवढं त्यांना पुरत होतं.

मी पळालो. लाज वाटत नाही सांगायला. डोकं कमानीला आपटलं, रक्त आलं, ते मला बाहेर आल्यावर कळलं.

पायरीवर मावशी बसली होती. तिने पदराच्या टोकाला गाठ मारून घेतली होती, काही विसरू नये म्हणून मारतात तशी. तिने वर बघितलं. "आत गेल्ता ना? काय म्हने?"

"काई नाई मावशे," मी म्हटलं. "वारा हाय."

आता त्या ट्रिपमधल्या बायकांना विचारा. निम्म्या म्हणतात ऐकलं, निम्म्या म्हणतात आम्ही बाहेरच होतो. एकीने मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. मी तो कितीतरी वेळा बघितलाय. त्यात मावशीची हाक आहे, प्रश्न आहेत, लाटा आहेत. उत्तरं नाहीत. पण प्रत्येक प्रश्नानंतर मावशी थांबते, ऐकते, मान हलवते. आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या बायकांच्या माना एकाच वेळी एकाच बाजूला वळतात. काहीच आवाज नव्हता, तर त्या कशाकडे बघत होत्या?

गावी आल्यावर मावशीने माझा पिच्छा सोडला नाही. "तिनं घ्याले ये म्हनलं, अन् मी अथी बसू?" लग्नातल्या एका फोटोत मागे, हॉलच्या दाराशी, मुलाकडच्या एका पाहुण्याच्या गाडीचा नंबर दिसत होता, त्यावरून माझ्या धंद्यातल्या ओळखी वापरून गाव काढलं. धंद्याचा तेवढा एकच उपयोग झाला. मी माझी गाडी काढली आणि आम्ही दोघं गेलो. राज्याचं नाव लिहीत नाही, कारण मागाहून एकदाची घेतलेल्या तक्रारीचा तपास अजून 'चालू' आहे. निदान तसं सांगतात.

घराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक बाई मटार सोलत होती. मी सुनीचा फोटो दाखवला, नाव सांगितलं. "सुनीता?" तिला काही ते नाव माहीत नव्हतं. मग फोटो नीट बघून ती हसायला लागली.

"अरे, ये तो हाव है!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती आपली सांगत होती, "नाम तो पता नहीं जी. कुछ भी बोलो, हाव-हाव करती थी. तो सब हाव ही बुलाने लगे. ओ हाव, पानी ला. ओ हाव, गोबर उठा." सूनबाईसारखी नव्हती, कामाला होती म्हणाली. कुठे गेली विचारलं तर हात झटकला. "आगे दे दी."

पुढे दिली. एखादी म्हैस पुढे देतात तशी. कोणाला, कुठे, कोणालाच माहीत नाही. ती बाई वाईटही नव्हती हो, तिने आम्हाला चहा विचारला. मावशीला हिंदी धड येत नाही, पण 'दे दी' एवढं तिला कळलं होतं. परतीच्या सबंध वाटेत ती पदराची गाठ धरून बसली होती.

लोकांनी मला खूप स्पष्टीकरणं दिली. एक डॉक्टर माझे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत, ते म्हणाले, समूहाला एकदम भास होतात, त्याला शास्त्रीय नाव आहे. एक मास्तर म्हणाले, गोव्याकडच्या भाषेत 'हांव' म्हणजे 'मी'. चला, म्हणजे कोणी तिथे 'मी, मी' म्हणत असेल. बरं, पण कोण मी? आणि पोर्तुगीजांच्या काळात वऱ्हाडातून एवढ्या लांब माणसं नेली होती का, तेव्हा आमच्याकडे 'हाव' म्हणायचे का, हे मला माहीत नाही, आणि ज्यांना विचारलं त्यांनाही नाही. तिथे जे झालं त्याचं लॉजिक मला आजपर्यंत लागलेलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, खामगावच्या हॉलमध्ये आमच्या डोळ्यांदेखत जे झालं त्याचं लॉजिक सगळं लागतं. त्यात भुताटकीचं काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून मी 'हाव' म्हणणं सोडलंय. मेहकरच्या स्टँडवर पोरं चिडवतात, गजूभाऊ पुणेरी झाले. होऊ दे. बायको हाक मारते तरी मी 'आलो' म्हणतो.

फक्त एका माणसापुढे नाइलाज होतो. मावशीने मशीनवरचं कापड काढलंय, पुन्हा ब्लाउज शिवते. मी हिवऱ्याकडे गेलो की तिच्याकडे चहाला थांबतो. दर वेळी ती मशीन थांबवते आणि एकच विचारते. कोठीत माझ्या हाकेला कोणी कोणी ओ दिली, हे मी तिला सांगितलेलं नाही. हे लिहितोय तेही ती कधी वाचणार नाही म्हणून. परवाही तिने विचारलंच.

"गजू, आत आवाज दिला थे आपली सुनीच होती ना रे?"

मी कपातला चहा बघत म्हटलं, "हाव."